फिरत्या भट्टीपासून बॅटरी-वेल्डरपर्यंत : बारामती-इंदापूर परिसरातील जोडकामाचा इतिहास आणि ऊर्जेच्या परीक्षेचा प्रश्न

सारांश :

धातूचे दोन तुकडे उष्णतेने एकजीव करण्याची कला म्हणजे वितळजोडकाम. व्यवहारात तिला वेल्डिंग म्हणतात. पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत या कलेची अनेक रूपे आढळतात. लोहार व घिसाडी यांच्या भट्टीपासून साखर कारखान्यांच्या दुरुस्ती विभागापर्यंत आणि वालचंदनगरच्या अवजड अभियांत्रिकीपर्यंत त्यांचा विस्तार आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या वाटचालीचा आढावा घेऊन, अलीकडच्या काळात उपलब्ध झालेल्या फिरत्या बॅटरी-वेल्डरचे स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे. ऊर्जेचे साधन कामाच्या जागी नेण्याची कल्पना नवी नाही, मात्र त्या साधनाची पारख करण्याची जबाबदारी बॅटरीमुळे पुन्हा कारागिरावर आली आहे आणि ती आता केवळ डोळ्यांनी पार पाडता येत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वितळजोडकाम, विद्युत् प्रज्योत, संचायक बॅटरी, घिसाडी, साखर कारखाना, वालचंदनगर, भारनियमन.

प्रस्तावना :

ग्रामीण भागातील तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना धरणे, कालवे, सहकारी संस्था आणि पिके यांचा विचार प्राधान्याने होतो. ही सर्व व्यवस्था ज्या जोडांवर उभी असते, त्या जोडांचा विचार मात्र क्वचितच केला जातो. उसाने भरलेल्या ट्रॉलीचा हूक, बैलगाडीचा आस, पाणीपुरवठ्याचा नळ, शेडची कैची या सर्व ठिकाणी लोखंडाला लोखंड जोडलेले असते. असा जोड तुटल्यास काम थांबते आणि प्रसंगी माणसाचा जीवही जातो. त्यामुळे जोड कोण करतो, कोठे करतो आणि कोणत्या ऊर्जेच्या बळावर करतो, हे प्रश्न स्थानिक इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरतात.

बारामती व इंदापूर हे तालुके या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहेत. नीरा आणि भीमा या नद्यांमधील या प्रदेशात कालव्याची शेती, साखर उद्योग, औद्योगिक वसाहत आणि अवकाश क्षेत्रासाठी काम करणारा कारखाना एकमेकांपासून फार दूर नाहीत. जोडकामाची अगदी साधी आणि अत्यंत काटेकोर अशी दोन्ही टोके येथे एकाच परिसरात पाहावयास मिळतात.

१. भट्टी, भाता आणि दिसणारी आच :

पारंपरिक गावगाड्यात लोखंडाचे काम लोहाराकडे असे. फाळ घडविणे, विळा-कुऱ्हाडीला पाणी देणे, गाडीच्या चाकावर धाव चढविणे ही त्याची नित्याची कामे होती. बलुतेदार या नात्याने त्याचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मिळत असे. लोहाराचे काम त्याच्या शाळेत चाले. म्हणजेच जोडावयाची वस्तू ऊर्जेच्या जागी आणली जात असे.

याच काळात उलट दिशेची व्यवस्थाही अस्तित्वात होती. घिसाडी ही महाराष्ट्रातील लोखंडकाम करणारी भटकी जमात. भाता, ऐरण, घण, सांडशी असा सर्व संसार बरोबर घेऊन घिसाडी कुटुंबे गावोगाव फिरत, रस्त्याच्या कडेला खड्डा खणून भट्टी पेटवीत आणि शेतीची अवजारे तेथेच दुरुस्त करून देत. घणाचे घाव घालण्याचे श्रमाचे काम या कुटुंबांतील स्त्रिया करीत, ही बाब सर्वपरिचित आहे. ऊर्जेचे साधन गिऱ्हाइकाच्या दारी नेण्याची कल्पना अशा रीतीने विजेच्या कितीतरी आधीपासून रूढ होती.

भट्टीतील जोडकामाचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेतले पाहिजे. लोखंडाचे दोन तुकडे घणाने एकजीव करावयाचे असतील तर ते जवळजवळ पांढरे होईपर्यंत तापवावे लागतात. पृष्ठभागावरील गंज वितळून निघून जावा म्हणून त्यावर वाळू किंवा टाकणखार टाकतात. आच कमी पडली तर तुकडे चिकटत नाहीत आणि जास्त झाली तर लोखंड जळते व ठिणग्या उडू लागतात. या सर्व अवस्था कारागिराला रंगावरून दिसत असत. ऊर्जा निर्माण करणारा, ती वापरणारा आणि तिची परीक्षा करणारा असा एकच माणूस असे आणि त्याचे मापनयंत्र म्हणजे त्याचा डोळा.

२. कालवा, ऊस आणि कारखान्यातील वेल्डर :

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनमध्ये सिंचनाच्या कामांना गती मिळाली. भाटघर धरणाच्या पाण्यावरील नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात पूर्ण होऊन बारामती व इंदापूरच्या कोरडवाहू जमिनीत पाणी पोहोचले. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून आधी गुऱ्हाळे व नंतर साखर कारखाने आले. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांनी स्वातंत्र्योत्तर काळात या परिसराचे अर्थकारण बदलून टाकले. पुढे उजनी धरणामुळे इंदापूर तालुक्याच्या भीमाकाठच्या भागातही ऊस वाढला.

साखर कारखाना हा जोडकामाचा मोठा ग्राहक आहे. बॉयलरच्या नळ्या, रसाच्या टाक्या, उसाचे वाहक पट्टे, वाफेच्या वाहिन्या यांची दुरुस्ती गळीत हंगाम संपल्यावर अनेक महिने चालू असते. हंगाम सुरू असतानाही वेल्डरला विश्रांती नसते. उसाची मोळी पकडण्यासाठी मिलच्या रोलरचे दात खरबरीत असावे लागतात. ते झिजून गुळगुळीत झाले की ऊस घसरतो व रस कमी निघतो. म्हणून रोलर फिरत असतानाच त्याच्या दातांवर वेल्डिंगच्या रॉडने धातूचे बारीक थेंब बसविले जातात. या कामाला कारखान्यात ‘आर्किंग’ म्हणतात. फिरते यंत्र, ओली जागा, वाफ आणि रसाचे शिंतोडे अशा परिस्थितीत चालणारे हे काम कौशल्याचे तितकेच धोक्याचे आहे.

या वेल्डरला विजेची चिंता मात्र फारशी करावी लागत नाही. उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटतो, वाफेवर टर्बाइन फिरते आणि कारखाना आपली वीज आपणच तयार करतो. विजेचा दाब किती आहे, ती टिकेल किंवा नाही हे पाहण्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. वेल्डरने होल्डरमध्ये रॉड धरावा आणि यंत्रावरील प्रवाह हवा तसा लावून काम करावे, अशी ही विभागणी आहे. भट्टीच्या काळात एकाच व्यक्तीकडे असलेल्या तीन भूमिका येथे वेगळ्या झाल्या आणि ऊर्जेची पारख कारागिराच्या हातून निघून गेली.

३. वालचंदनगर : परीक्षेची संस्कृती :

इंदापूर तालुक्यातील कळंबजवळच्या माळरानावर उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना व त्याभोवती वसाहत उभारली. तीच पुढे वालचंदनगर म्हणून प्रसिद्धीस आली. स्वातंत्र्यानंतर येथील अभियांत्रिकी विभागाने साखर कारखान्यांची यंत्रसामग्री देशातच बनविण्याचे काम हाती घेतले. त्यानंतर सिमेंट उद्योगाची यंत्रे, अणुऊर्जा प्रकल्पांची उपकरणे आणि १९७० च्या दशकापासून भारतीय अवकाश संशोधन संस्थेची कामे येथे होऊ लागली.

ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपक यानाच्या पहिल्या टप्प्यातील घन इंधनाची मोटार २.८ मीटर व्यासाची असून तिचे कवच मॅरेजिंग पोलाद या उच्च प्रतीच्या मिश्रधातूचे असते. अशा कवचांच्या निर्मितीत वालचंदनगरचा वाटा आहे. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ घेऊन झेपावलेले यान याच मालिकेतील होते. या प्रकारच्या कामात जोड केवळ डोळ्यांनी पाहून मान्य होत नाही. वेल्डरला आधी नमुना-जोड करून पात्रता सिद्ध करावी लागते. रॉड किंवा तार, प्रवाह, दाब व तापमान यांची नोंद ठेवली जाते. पूर्ण झालेला जोड क्ष-किरणांनी आणि श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासला जातो.

म्हणजेच बारामती-इंदापूरच्या मातीत जोडाची परीक्षा करण्याची एक प्रगत संस्कृती गेली अनेक दशके नांदत आहे. मात्र ती कारखान्याच्या आवारापुरती राहिली. कारखान्यापासून काही किलोमीटरवर, उसाच्या फडाच्या बांधावर तुटलेला ट्रॉलीचा हूक जोडणाऱ्या कारागिरापर्यंत ती क्वचितच पोहोचली. या अंतराचे एक कारण शिक्षण व साधने यांचा अभाव हे असले, तरी ऊर्जेचा प्रश्न हेही तितकेच महत्त्वाचे कारण आहे.

४. तारेची मर्यादा :

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली आणि पुढील दोन-तीन दशकांत ग्रामीण विद्युतीकरणाने वेग घेतला. गावोगाव फॅब्रिकेशनची दुकाने निघाली. लोखंडी दरवाजे, खिडक्या, पेरणीयंत्रे व ट्रॉल्या तेथे बनू लागल्या. या दुकानांतील वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर अतिशय जड असे, त्यामुळे यंत्र दुकानातच राही आणि तुटलेली वस्तू तेथे आणावी लागे. गावच्या लोहाराच्या शाळेचीच ही विद्युत आवृत्ती म्हणता येईल. जेथे वीज नव्हती तेथे कार्बाइडपासून ॲसिटिलीन वायू तयार करून गॅस वेल्डिंग केले जाई. पण सिलिंडरची वाहतूक आणि स्फोटाचा धोका या त्याच्या मर्यादा होत्या.

सन २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात विजेची तीव्र टंचाई निर्माण झाली. २००१ मध्ये दाभोळ प्रकल्पाची वीजनिर्मिती बंद पडली. जून २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. आणि ग्रामीण भागाला दीर्घ भारनियमन सोसावे लागले. शेतीच्या वाहिनीवर तीन फेज वीज ठरावीक तासांपुरतीच, अनेकदा रात्री मिळे. एका फेजवर दिवे लागत. पण दुकानातील मोठा वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर चालत नसे. डिझेल जनरेटर हा पर्याय होता, परंतु एक टाका मारण्यासाठी जनरेटर शेतात नेणे सामान्य कारागिराला परवडणारे नव्हते.

ऊसतोडणीच्या काळात या मर्यादेची झळ सर्वाधिक बसते. मराठवाड्यातून आणि अहिल्यानगर जिल्ह्यातून येणाऱ्या तोडणी मजुरांच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस वाहतूक करीत असतात. फडात किंवा कच्च्या रस्त्यावर आस वाकला, हूक तडकला तर भरलेली गाडी जागीच थांबते. तोडलेला ऊस वाळतो, त्याचे वजन घटते आणि साखरेचा उतारा कमी होतो. गाडी रिकामी करून गावात न्यावी तर मजुरांचा दिवस वाया जातो. अशा प्रसंगी वस्तूने ऊर्जेकडे जाण्याऐवजी ऊर्जेने वस्तूकडे यावे, ही गरज स्पष्ट होते.

५. बॅटरी आणि विद्युत् प्रज्योत : जुने नाते :

बॅटरीवर चालणारा वेल्डर ही एकविसाव्या शतकाची कल्पना आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. विद्युत् प्रज्योत आणि बॅटरी यांचा संबंध अगदी आरंभापासूनचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सर हंफ्री डेव्ही यांनी कार्बनच्या टोकांमध्ये प्रज्योत निर्माण करून दाखविली ती विद्युत् घटांच्याच साह्याने. १८५९ मध्ये गास्तोँ प्लांटे यांनी पुन्हा भारित करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये ओग्युस्त द मेरितां यांनी प्रज्योतीच्या उष्णतेने जोडकाम केले, ते बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्या एकमेकींना जोडण्यासाठी. म्हणजे प्रज्योत-जोडकामाचा पहिला उपयोग बॅटरी बनविण्यासाठी झाला.

निकोलाय बेनार्डोस आणि स्तानिस्लाव ओल्शेव्हस्की यांनी १८८५ पासून युरोपात आणि १८८७ मध्ये अमेरिकेत कार्बन-प्रज्योत पद्धतीचे पेटंट मिळविले. त्या काळचे डायनामो लहान असल्याने जोडकामास लागणारा मोठा प्रवाह ते एकदम देऊ शकत नसत. म्हणून बेनार्डोस यांनी डायनामोने बॅटऱ्या भरून ठेवण्याची आणि काम करताना त्यांतून प्रवाह घेण्याची योजना केली होती. संथपणे साठवावे आणि झटक्यात खर्च करावे हे तत्त्व आजच्या फिरत्या वेल्डरमध्येही तसेच आहे. पुढे निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी १८८८ मध्ये वितळणारा धातूचा रॉड थेट जनित्रावर वापरला, ऑस्कर केलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी लेपयुक्त रॉड प्रचारात आणला आणि मोठी जनित्रे व ट्रान्सफॉर्मर उपलब्ध होताच बॅटरी मागे पडली.

भारतात १९५१ मध्ये अडवाणी-ओर्लिकॉन ही वेल्डिंग रॉड व उपकरणे बनविणारी कंपनी स्थापन झाली. तीच पुढे अडोर वेल्डिंग या नावाने ओळखली जाऊ लागली. पुण्याजवळ चिंचवड येथे तिचा कारखाना आहे. वाहनांच्या बॅटऱ्या बनविणारा एक्साइडचा कारखानाही चिंचवडचाच. वेल्डिंगचे साहित्य आणि बॅटरी या दोन्ही उद्योगांची केंद्रे अशा रीतीने पुणे जिल्ह्यातच शेजारी-शेजारी आली.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ कंपनीच्या तीनचाकी वाहनांचे उत्पादन १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि २०१९ मध्ये तिची विद्युत तीनचाकीही बाजारात आली. नीरेपलीकडे फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी याच्या सुमारे दोन दशके आधी शिसे-आम्ल बॅटरीवर चालणारी रिक्षा विकसित केली होती. बॅटरीला चाकांवर ठेवून कामास लावण्याचा विचार या परिसराला अपरिचित नाही.

६. फिरता बॅटरी-वेल्डर : कार्य आणि हिशेब :

फिरत्या बॅटरी-वेल्डरचे दोन प्रकार सांगता येतात. पहिल्यात वाहनांच्या १२ व्होल्टच्या तीन किंवा चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ३६ ते ४८ व्होल्ट दाब मिळविला जातो आणि तो केबलद्वारे रॉडला दिला जातो. या रचनेत प्रवाहावर फारसे नियंत्रण राहत नाही. तो केबलची लांबी, जोडांचा घट्टपणा आणि बॅटरीची अवस्था यांवर अवलंबून असतो. दुसऱ्या प्रकारात लिथियम बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक इन्व्हर्टर एकाच पेटीत असतात. २०१० नंतरच्या दशकात अशी सुमारे ११ किलो वजनाची यंत्रे युरोपात विक्रीस आली. खांद्याला अडकवून उंच शिडीवर किंवा शेताच्या बांधावर नेता येतील इतकी ती सुटसुटीत आहेत.

सर्वसाधारण रॉड-वेल्डिंगमध्ये प्रज्योतीचा दाब २० व्होल्ट अधिक प्रवाहाच्या ०.०४ पट इतका मानतात. १०० अँपिअर प्रवाहाला हा दाब २४ व्होल्ट होतो, म्हणजे २,४०० वॅट शक्ती लागते. एक रॉड साधारण एका मिनिटात जळतो असे धरल्यास एका रॉडला ४० वॅट-तास ऊर्जा खर्च होते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या तीन बॅटऱ्यांत नाममात्र ३,६०० वॅट-तास ऊर्जा असते. त्या हिशेबाने नव्वद रॉड जळावेत. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

याचे कारण विल्हेल्म पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये सूत्ररूपाने मांडले. १०० अँपिअर-तास ही क्षमता ५ अँपिअरच्या संथ प्रवाहाने २० तास वापरली तर मिळते. त्याच शिसे-आम्ल बॅटरीतून एकदम १०० अँपिअर ओढले, तर पॉइकर्टचा घातांक १.२ धरल्यास ती एक तासाऐवजी सुमारे ३३ मिनिटेच टिकते. शिवाय बॅटरी पूर्ण रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून निम्म्यावर थांबावयाचे ठरविले तर हाती पंधरा-सोळा मिनिटांची प्रज्योत उरते. त्यात जास्तीत जास्त पंधरा-सोळा रॉड जळू शकतात. तुटलेला हूक किंवा आस जोडण्यास तेवढे पुरेसे असतात. पण हा हिशेब बॅटरी निरोगी असेल तरच लागू पडतो.

७. बॅटरीची चाचणी हीच जोडाची पूर्वचाचणी :

बॅटरीची परीक्षा सामान्यतः तीन प्रकारे केली जाते. पहिली परीक्षा स्थिर दाबाची. काही तास विश्रांती दिलेल्या १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या वर असल्यास ती पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास असल्यास निम्मी आणि ११.९ पर्यंत उतरल्यास जवळजवळ रिकामी समजतात. दुसरी परीक्षा हायड्रोमीटरने आम्लाच्या विशिष्ट गुरुत्वाची. वाहनाच्या भरलेल्या बॅटरीत ते साधारण १.२५० ते १.२८० असते. भारतात या मापनासाठी २७ अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरतात आणि त्यावरील प्रत्येक अंशाला वाचनात ०.०००७ मिळवितात. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात ठेवलेल्या बॅटरीचे आम्ल ४२ अंशांवर असताना हायड्रोमीटर १.२३० दाखवीत असेल, तर खरे मूल्य सुमारे १.२४० असते. सहा घरांपैकी एका घराचे वाचन इतरांपेक्षा बरेच कमी आले, तर तो सेल निकामी होत चालला आहे असे समजावे. दाबमापक एकूण आकडा दाखवितो, पण दुबळे घर कोणते ते सांगत नाही. हे काम हायड्रोमीटरच करतो.

तिसरी परीक्षा भाराखालील असून बॅटरी-वेल्डरच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. थंड अवस्थेत इंजिन सुरू करण्यासाठी बॅटरीवर जो प्रवाह नमूद केलेला असतो, त्याच्या निम्मा प्रवाह १५ सेकंद घेऊन दाब ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही हे पाहिले जाते. या चाचणीचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन बॅटऱ्या स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्टच दाखवितात. पण एकीचा अंतर्गत रोध ०.००५ ओहम आणि जुनाट दुसरीचा ०.०२५ ओहम आहे. १०० अँपिअर प्रवाह घेताच पहिलीचा दाब अर्ध्या व्होल्टने उतरतो, तर दुसरीचा अडीच व्होल्टने. या दुसऱ्या बॅटरीत २५० वॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने आतल्या आत खर्च होते. बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असल्याने सर्वांतून एकच प्रवाह वाहतो. दुबळी बॅटरी संपूर्ण साखळीला खाली खेचते आणि प्रसंगी तिच्या एखाद्या सेलचा दाब उलटाही होतो.

याचा परिणाम थेट जोडावर होतो. प्रवाह कमी पडला की रॉड चिकटतो, प्रज्योत तुटते. आणि कसाबसा टाका पडला तरी धातू पृष्ठभागावरच थिजतो, आत मुरत नाही. वरून पाहता असा जोड भरलेला दिसतो. स्लॅग झाडून, ग्राइंडर फिरवून रंग लावला की चांगला आणि वाईट टाका ओळखता येत नाही. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या हुकावर असा टाका असेल, तर चढावर तो सुटण्याचा संभव असतो आणि मागील वाहनाचा व पादचाऱ्यांचा जीव धोक्यात येतो. वालचंदनगरच्या कवचाप्रमाणे या हुकाला क्ष-किरणांची परीक्षा उपलब्ध नसते. अशा वेळी काम सुरू करण्यापूर्वी ऊर्जेची परीक्षा करणे एवढाच मार्ग कारागिराच्या हाती राहतो.

चाचणीत सुरक्षिततेचाही विचार अंतर्भूत आहे. शिसे-आम्ल बॅटरी भरत येताना हायड्रोजन वायू बाहेर टाकते; हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने भडका उडू शकतो. वेल्डिंग म्हणजे तर ठिणग्यांचाच व्यवसाय. म्हणून बॅटऱ्या भरताना वेल्डिंग न करणे, जोडकामाच्या जागेपासून त्या दूर व मोकळ्या हवेत ठेवणे आणि भार चालू असताना बॅटरीची टोके न सोडणे ही पथ्ये पाळावी लागतात.

८. नव्या बॅटरीपुढे जुनी परीक्षा :

लिथियम बॅटरीच्या आगमनाने प्रश्न अधिक सूक्ष्म झाला आहे. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिथियम आयर्न फॉस्फेट हा तिचा अधिक सुरक्षित प्रकार पुढे आला. तिचे वजन कमी असते, मोठा प्रवाह ती सहज देते आणि आम्लात पाणी घालण्याची कटकट नसते. पण तिच्यात हायड्रोमीटर बुडवावयास आम्लाचे घरच नाही. दाबाची परीक्षाही येथे अपुरी पडते. कारण या प्रकारच्या सेलचा दाब बराच काळ ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो आणि अखेरीस एकदम कोसळतो. ती किती भरली आहे हे जाणण्यासाठी आत गेलेल्या व बाहेर पडलेल्या प्रवाहाचा हिशेब ठेवावा लागतो आणि क्षमता तपासण्यासाठी ती पूर्ण भरून, ज्ञात भाराखाली रिकामी करून वेळ मोजावा लागतो. हे काम बहुधा पेटीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो आणि कारागिराला पडद्यावर केवळ काही रेघा दिसतात.

भट्टीतील लालीपासून पडद्यावरील रेघांपर्यंतचा हा प्रवास पाहता एक विसंगती जाणवते. ऊर्जेचे साधन पुन्हा कारागिराच्या खांद्यावर आले, पण तिचे अंतरंग मात्र त्याच्या नजरेआड गेले. घिसाड्याला आपली आच दिसत होती. बॅटरी-वेल्डर वापरणाऱ्याला आपला साठा दिसत नाही, तो मोजावाच लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डर या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात रॉड, प्रवाह आणि जोडांचे प्रकार शिकविले जातात. वेल्डरच्या हाती फिरते साधन येत असेल, तर बॅटरीची निवड, भाराखालील चाचणी आणि नोंदवही यांनाही त्या शिक्षणात स्थान मिळणे आवश्यक ठरते. परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांच्या प्रयोगशाळांत अशा चाचण्या अल्प खर्चात करून दाखविता येतील.

निष्कर्ष :

१) बारामती-इंदापूर परिसरातील जोडकामाच्या इतिहासात ऊर्जा एका जागी स्थिर असणे आणि ती फिरती असणे या दोन्ही व्यवस्था आलटून-पालटून आढळतात. फिरता बॅटरी-वेल्डर ही घिसाड्याच्या फिरत्या भट्टीची नवी आवृत्ती आहे. तिचे तांत्रिक मूळ एकोणिसाव्या शतकातील बेनार्डोस यांच्या बॅटरी-संचात सापडते.

२) साखर कारखाने आणि विद्युत जाळे यांमुळे ऊर्जेची परीक्षा कारागिराकडून संस्थेकडे गेली. भारनियमनाच्या काळात या व्यवस्थेच्या मर्यादा ग्रामीण कारागिराने सर्वाधिक अनुभवल्या.

३) बॅटरी-वेल्डरमुळे ही परीक्षा पुन्हा कारागिराकडे आली आहे. स्थिर दाबाचे वाचन त्यासाठी पुरेसे नसून भाराखालील चाचणी अपरिहार्य आहे. कारण दुबळ्या बॅटरीने केलेला जोड वरून निर्दोष दिसला तरी आतून कच्चा असू शकतो.

४) अवकाशयानाच्या कवचासाठी वालचंदनगरात जोपासली गेलेली परीक्षेची शिस्त आणि उसाच्या फडातील तातडीची दुरुस्ती यांमधील अंतर कमी करणे हे स्थानिक शिक्षणसंस्थांचे कार्य आहे. हायड्रोमीटर, लोड टेस्टर आणि एक साधी नोंदवही एवढ्या सामग्रीवर त्याचा आरंभ होऊ शकतो. उसाच्या वाहतुकीवर ज्या माणसांचे जीवन अवलंबून आहे, त्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा खर्च अल्पच म्हणावा लागेल.